गोड देऊ नये

साडेनऊ वाजून गेले तरी समीक्षाचा नऊचा फोन आला नाही, तेव्हाच भामाबाईनं ओळखलं, काहीतरी बिनसलंय. लेक नोकरीच्या परीक्षेला निघाली होती, सांगलीहून सहाच्या सातारा एसटीनं. दर तासाला फोन करायचा असं ठरलं होतं, आणि ठरलेलं मोडणारी पोर ती नव्हे. कुपवाडच्या कारखान्यात हळदीच्या पुड्या भरता भरता भामाबाईनं पिवळ्याधमक बोटांनी तिसऱ्यांदा फोन लावला.

"हॅलो," पुरुषाचा आवाज आला.

भामाबाईनं हातातली पुडी टाकून दिली. "कोन बोलतंय? माजी समीक्षा कुटं हाय?"

"घाबरू नगासा. मी बशीर. उंब्रजच्या स्टँडम्होरं माजा चहाचा गाडा हाय. तुमची पोरगी गाडीतनं उतरली, हितं बाकड्यावर बसली आन तवाधरनं घामानं भिजलीया. कायबाय बरळतीया."

समीक्षाला नवव्या वर्षापासून मधुमेह. रोज चार वेळा इन्सुलिनची सुई. आज पहाटे सुई घेतली, पण परीक्षेच्या धास्तीनं "आई, गाडीत खाईन" म्हणून चपातीचा डबा पिशवीत टाकला. तो तसाच असणार, हे आईला कुणी सांगायला नको होतं. रक्तातली साखर पार खाली गेली होती. अशा वेळी चार चमचे साखर पोटात गेली की पोर पंधरा मिनिटांत उठून बसते. नाही गेली तर काय, ते भामाबाई मनातसुद्धा म्हणत नसे.

"दादा, तिला बिगीबिगी साखर द्या!"

"साखर?" बशीर चरकला. "आवं, तिला शुगर हाय! गळ्यात कार्ड हाय की. 'मला शुगर आहे, गोड देऊ नये.' एक जण पेढा भरवाय निघालता, त्येला मीच आडिवलं. पिशवीत ग्लुकोजची पुडी हुती, ती बी लांब ठिवली. तुमी काळजीच करू नगा."

माणूस देवासारखा होता, आणि देवासारखाच ऐकत नव्हता.

ते कार्ड भामाबाईनंच करून घेतलं होतं. पोर लहान असताना जत्रेत जो तो तिच्या हातावर पेढा ठेवायचा, म्हणून शाळेतल्या बाईंकडून तेवढंच लिहून घेतलं. सांगलीच्या डॉक्टर संयोगिता मॅडम दर खेपेला म्हणायच्या, "भामाबाई, घाम येऊन चक्कर आली तर साखर द्या, हेही लिहा त्यावर." उद्या करू, उद्या करू म्हणत अकरा वर्षं गेली. आता आपलंच शहाणपण पोरीच्या मुळावर उठलं होतं.

"आवं, तिची शुगर कमी झालीया! म्हनून साखर द्या म्हनतीया!"

"शुगर हाय, आन कमी बी झालीया? मावशी, तुमचा जीव घाबरलाय. मी अँब्युलन्स बोलिवलीया, कराडवरनं निघालीया."

कराडहून यायची म्हणजे अर्धा तास. आणि रडणाऱ्या खेडवळ बाईचं कोण ऐकतं? दवाखान्याच्या बाकावर अकरा वर्षं बसून भामाबाईनं एवढं मात्र पाहिलं होतं, की तेच बोलणं मॅडमच्या तोंडून आलं की माणसं मुकाट ऐकतात. तिनं फोन कापला.

"जीनत, तुजा फोन दे." शेजारी पुड्या भरणाऱ्या मैत्रिणीचा फोन तिनं जवळजवळ हिसकावला, डोळे पुसले, घसा साफ केला आणि लेकीचाच नंबर पुन्हा लावला.

"नमस्कार. मी डॉक्टर संयोगिता बोलते आहे. समीक्षा माझी पेशंट आहे."

जीनत तोंडात बोट घालून बघतच राहिली.

"व्हय मॅडम, बोला मॅडम!"

"तिला गिळता येतं आहे का?"

"मगाशी पानी प्याली की."

"मग तिला धरून बसवा. तिच्या पिशवीत ग्लुकोजची पुडी असेल, ती पाण्यात घाला आणि घोट घोट पाजा. आत्ता, लगेच. फोन ठेवू नका." प्रत्येक 'आहे' भामाबाई जपून, अख्खा उच्चारत होती.

पलीकडं पेला वाजला. "घ्या ताई. आनिक एक घोट." मग गाड्यांचे हॉर्न, कंडक्टरची शिट्टी. भामाबाईला वाटलं, ही पंधरा मिनिटं काही आपल्या जन्मात संपत नाहीत.

"काका," पातळसा आवाज आला, "माझी एसटी गेली का हो?"

डॉक्टरीण रडत नसते, म्हणून भामाबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"मॅडम, उटली बगा! लय उपकार झालं." बशीरचा आवाज खाली आला. "एक इचारू? माज्या घरवालीला, फरीदालाबी शुगर हाय. सुई घेती. दोन बारी अशीच घामाघूम हून पडली, साखर साखर करत हुती. मला वाटलं, जिबेचं चोचलं. म्हनून साखरेचा डबा कपाटात घालून कुलूप लावलंय. किल्ली माज्या खिशात आन ती घरात एकली. चुकलं का वो माजं?"

मॅडमची भाषा भामाबाईच्या तोंडून कुठल्या कुठं पळाली.

"आवं दादा, मी डाक्टर न्हाई, पोरीची आई हाय! गाडा तसाच सोडा आन घरला पळा! आदी ती किल्ली न्या!"

पलीकडून फोन बाकड्यावर आपटल्याचा आवाज तेवढा आला. मग तो कुणीतरी चाचपडत उचलला.

"हॅलो, मॅडम?" समीक्षा विचारत होती. "ते काका गाडा टाकून पळत सुटलेत. काय झालं?"