न पुसलेला चौक

मी बोलतोय तो दिंडोरीच्या एका वाइनरीतल्या भिंतीवरून. मी एक कॅनव्हास. लोक हातात ग्लास घेऊन माझ्यासमोर उभे राहतात आणि 'काय शांत वाटतं ना!' म्हणतात. ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड होतो.

मला रंगवलं रोशनीने, नाशिकच्या वसतिगृहात. ती चित्रकला शिकायची. तिचे वडील मंगळू सुरगाण्याकडच्या पाड्यावरचे भगत. घरात कुणी आजारी पडलं की ते तांदळाच्या पिठाने जमिनीवर चौक काढत, त्यात देव बोलावत आणि शेवटी तळहाताने चौक पुसून देवाला परत पाठवत. चौक पुसला नाही तर देव त्यातच अडकतो आणि दुखणंही हटत नाही, असा त्यांचा विश्वास.

रोशनीच्या आईला, भिमाबाईला, ताप भरला तेव्हाही चौक मांडला. पुसण्याआधी रोशनीने गुपचूप मोबाइलवर फोटो काढला. मग नाशिकला येऊन हौसेने तोच माझ्यावर उतरवला. आठ दिवसांनी भिमाबाई गेली.

दिवसकार्य उरकून पोरगी परतली ती मला कॉलेजात घेऊन गेली आणि तिने पांढऱ्या रंगाचा डबा उघडला. मला झाकायचंच होतं तिला. तेवढ्यात दीपक सर आले.

"अगं वेडी की काय? प्रदर्शनात हेच लावायचं!"

सर वर्गात नेहमी सांगत, परदेशातले पहिले अमूर्त चित्रकार मेलेल्यांशी बोलायला बसत, रंगांना आत्मा असतो असं मानत. सांगताना त्यांचा आवाज भरून यायचा. रोशनीला धीर आला.

"सर, हा माझ्या बाबांचा चौक आहे. ते भगत आहेत."

सरांचा चेहरा पडला. "ते कुठे लिहू नकोस हं. लोक अंधश्रद्धा म्हणतील."

परदेशी माणसाने केलं की अध्यात्म, मंगळूने केलं की अंधश्रद्धा! रोशनीने मान खाली घालून माझ्याखालच्या पाटीवर लिहिलं, 'अनाम आकार'. प्रदर्शनातून मी थेट इथे आलो.

गेल्या महिन्यात द्राक्षांच्या छाटणीला आलेल्या मजुरांपैकी एक जण प्यायला पाणी मागत आत आला. मंगळूच तो! मला पाहून त्याच्या हातातला तांब्या खाली पडला. बोटबोट जागा त्याच्या ओळखीची होती.

"भिमे," तो म्हणाला, "हे पुसायचं राहिलं गं. कशी बरी होशील तू?"

आणि तो तळहाताने मला पुसू लागला. वरून खाली, पुन्हा वरून खाली. रंग वाळून दोन वर्षं झालेली. जरासुद्धा निघाला नाही. "निघत नाय," तो लहान मुलासारखा रडत म्हणाला. रखवालदाराने दंडाला धरून त्याला बाहेर काढलं. छाटणीवरूनही त्याला काढून टाकलं, असं नंतर कानावर आलं.

दुसऱ्याच दिवशी माझ्यावर काच बसली. आता रोज सकाळी एक बाई फडकं घेऊन येते आणि ती काच लख्ख पुसते.

बाई, तुम्हाला हात जोडतो. एकदा ही काच काढा आणि मला पुसा.