उजेडबाबाची दुसरी फिल्म

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल खच्चून भरला होता. व्हीलचेअर, कुबड्या, पट्टे आवळलेल्या कमरा आणि प्रत्येकाकडे स्कॅनचा मोठा लिफाफा. दारातली बाई ते लिफाफे गोळा करून आतल्या खोलीत नेत होती. आत काय चाललंय, कुणी विचारत नव्हतं.

उजेडबाबाने माइक धरला. "सीटीला हाड दिसतं. एमआरआयला मज्जा दिसते. अँजिओला रक्ताची नळी दिसते. आणि मला? मला प्रारब्ध दिसतं! सुई नाही, बोगद्यात झोपणं नाही!"

टाळ्यांचा कडकडाट.

माझ्या ताईचा नंबर आला. मणक्यातली गादी सरकून नसांवर बसलेली, पाय बधिर. सहा आठवड्यांपूर्वी तिला ऑपरेशनची तारीख मिळाली होती. बाबाने पहिल्याच बैठकीत तिच्याच लिफाफ्यातून 'आधी'ची पांढरी आणि 'नंतर'ची काळी फिल्म दाखवली, आणि ताईने तारीख रद्द केली. मी एमआरआयचा टेक्निशियन, तिचा एमआरआय मीच काढला होता. त्या दोन्ही फिल्म एकाच दुपारी मीच छापल्या होत्या. तसं सांगितलं तर म्हणाली, "तू बटणं दाबणारा. तुला काय कळतंय?"

म्हणून आज मी तिच्या लिफाफ्यातल्या काळ्या फिल्म काढल्या आणि माझ्या स्वतःच्या कमरेच्या सीटीची एक आत सरकवली.

बाबाने पांढरी फिल्म दिव्याच्या काचेवर लावली. "ही पांढरी रेघ पाहिलीत? विष!" त्याने ताईच्या पाठीवर हात फिरवला, फुंकर मारली. बाईने आतून 'नंतर'ची फिल्म आणून लावली. न बघताच बाबा गरजला, "गेलं! सगळं काळं झालं!"

मी उठलो. "बाबा, मग ते चार स्क्रू कसले?"

मणक्यात चार स्क्रू लख्ख चमकत होते. बाबाचा जबडा लोंबला. तेवढ्यात मागून एक निवृत्त मास्तर ओरडले, "न कापता स्क्रू बसवले! केवढी सिद्धी!"

पुन्हा टाळ्या. आणि त्या निलाजऱ्याने डोळे मिटून हात वर केला.

मी शर्ट वर करून पाठीवरचा व्रण दाखवला. "स्क्रू माझे आहेत. कोपऱ्यात नाव आहे. मास्तर, वाचता येतं ना?"

मास्तरांनी चष्मा लावून वाचलं. तारीख नऊ वर्षांपूर्वीची. ते खाली बसले.

"एमआरआयमध्ये एकाच कण्याची चित्रं वेगवेगळ्या पद्धतींनी घेतात," मी म्हणालो. "एकीत पाणी पांढरं दिसतं, दुसरीत काळं. दोन्ही तुमच्याच लिफाफ्यात असतात. हा एक आधी लावतो, एक नंतर. आणि ते पांढरं विष नाही, मज्जारज्जू आणि नसांभोवतीचं निरोगी पाणी आहे. रेघ तुटते तिथे रोग आहे!"

लोक आपापले लिफाफे परत घ्यायला आतल्या खोलीकडे धावले. बाबाने त्यांच्याआधी आत शिरून कडी लावून घेतली.

ताई मात्र माझ्यावरच पेटली. "माझं बरं होणं बघवत नाही तुला! थांब, चालून दाखवते."

दोन पावलं टाकली आणि कोसळली.

"ताई, कपडे ओले झालेत गं."

"कुठे?" तिने विचारलं. तिला काहीच कळलं नव्हतं.

त्याच दिवशी ऑपरेशन झालं. पाय थोडे परत आले, लघवीवरचा ताबा आला नाही. ती आता कायम पिशवी लावून हिंडते. सर्जनबाई एवढंच म्हणाल्या, "उशीर केलात."

तिची श्रद्धा होती, हे मला ऐकवू नका. नसेला श्रद्धा कळत नाही, दाब कळतो. चित्र समजत नसेल तर ते वाचायला शिकलेल्या माणसाला गाठा. हे काळं का, ते पांढरं का, ते त्याला विचारा. विचारायची लाज वाटत असेल, तर माझ्या ताईला भेटा. लाज म्हणजे काय ते ती रोज सकाळी पिशवी बदलताना शिकते.