कंडोमच्या डब्याचं गाऱ्हाणं

मित्रांनो, दवाखान्याच्या पॅसेजमध्ये, तपासणीच्या खोलीशेजारी भिंतीवर बसवलेला पत्र्याचा जुना डबा म्हणजे मी. माझ्या पोटात कंडोम असतात. हसा, हसून घ्या एकदाचे. अकरा वर्षं मी हे हसू बघतोय. आता त्याचा वीट आला आहे.

मला घडवलं होतं तक्रारपेटी म्हणून. पण तक्रार लिहायला कुणाकडे पेन नसायचं. मग इथल्या सिस्टरनी माझ्या तळाशी हात जाईल एवढं भोक पाडून घेतलं आणि मला नवं काम दिलं. वर ठळक लिहिलं, 'मोफत. विचारायची गरज नाही.' आता लोक निवांत घेतील, असं त्या बिचारीला वाटलं. कुठलं काय! लोक माझ्यासमोर बुटाची नाडी बांधत, घड्याळ बघत, आणि आसपास चिटपाखरू नाही अशी खात्री झाली की मूठभर पाकिटं उचलून धूम ठोकत. 'बरं दिसत नाही' म्हणून हेडक्लार्कनी मला दोन वर्षं जिन्याखाली झाडूंच्या शेजारी टांगलं. सिस्टर कडाकडा भांडल्या, तेव्हा कुठे मी परत जागेवर आलो.

एके दिवशी शिवणकाम करणारी एक बाई तपासून घ्यायला आली. चौथा महिना होता. आठवड्याने रक्ताचा रिपोर्ट आला. खोलीचं दार नीट लागत नाही, त्यामुळे मला सगळं ऐकू येतं.

"सिफिलिस? मला?" बाईचा आवाज चिरकला. "अहो सिस्टर, मला तर काहीच होत नाहीये."

"हा संबंधातून लागतो, आणि बऱ्याचदा काही जाणवतच नाही, ताई. पण तो बाळापर्यंत पोचतो. घाबरू नका, लवकर कळलंय. दर आठवड्याला एक, अशी तीन इंजेक्शनं घ्यायची. आणि मिस्टरांना घेऊन या. त्यांचे उपचार झाले नाहीत, तर तुम्हाला पुन्हा होईल. दोघांचं पूर्ण होऊन मी सांगेपर्यंत लांब राहायचं."

मिस्टर म्हणजे बस डेपोतला मेकॅनिक. पहिल्या इंजेक्शनला बाई एकटीच आली. त्याला म्हणे जादा ड्यूटी होती. दुसऱ्यालाही एकटीच. या वेळी त्याचा पाय मुरगळला होता. सिस्टरनी कपाळावर हात मारून घेतला. मला हात असते तर मीही मारला असता.

तिसऱ्या आठवड्यात मात्र ती त्याला घेऊनच आली. त्याला पाहिलं आणि मी ओळखलं. वर्षभरापूर्वी हा माणूस माझ्यासमोर उभा होता. हात माझ्यापर्यंत आला होता. तेवढ्यात बाकावर कुणीतरी खोकलं आणि त्याने तो खिशात घातला. एका खोकल्याने घात केला हो!

"मी ठणठणीत आहे," तो कुजबुजला. "लोक बघतायत. चल घरी."

"मग ते मलम कशाला लावत होतात?" बायकोने विचारलं. "गेल्या वर्षी?"

"ती साधी जखम होती. दुखतही नव्हती. आपोआप गेली."

सिस्टर दारात येऊन उभ्या राहिल्या. "जखम जाते, दादा. आजार आत राहतो. दोन मिनिटं आत या."

तो जागचा हलेना. तेव्हा बायको त्याच्यासमोर उभी राहिली. "तुम्ही कुठे गेला होतात, ते मी विचारणार आहे. सोडणार नाही. पण ते घरी. या पोरानं तुमचं काय घोडं मारलंय? चला आत."

तो खाली मान घालून आत गेला. त्याच्या रक्तातही सिफिलिस निघाला. दोघांची एचआयव्हीचीही तपासणी झाली. ती मात्र ठीक आली. त्याने सगळी इंजेक्शनं घेतली. सिस्टरनी त्याला आणखी एक अवघड काम सांगितलं. "जिच्याकडे गेला होतात, तिलाही कळवा. तिचाही जीवच आहे."

पूर्ण दिवस भरून मुलगी झाली. तिचंही रक्त तपासलं. डॉक्टर म्हणाले, सगळं उत्तम. तिला घेऊन आई सिस्टरना भेटायला आली, नवरा चार पावलं मागून. दोघांत अजून कामापुरतंच बोलणं होतं. बाकं गच्च भरली होती. बाई सरळ माझ्यापाशी आली आणि पाकीट काढून मोठ्याने म्हणाली, "सिस्टर, यावरची तारीख कुठे असते?"

अख्खा पॅसेज वळून बघायला लागला.

"काय झालं?" तिने बाकांना विचारलं. "तुम्हाला माहीत असेल तर सांगा."

सिस्टरनी तारीख दाखवली. उन्हात, गरम जागी ठेवू नका आणि दर वेळी नवं वापरा, हेही सांगितलं. मेकॅनिक सगळ्यांसमोर शेजारी उभा राहून ऐकत होता.

मित्रांनो, मी काही सगळं थोपवू शकत नाही. पाकिटाने धोका बराच कमी होतो, पण शंका आली की रक्त तपासावंच लागतं. त्यासाठी शहाणं, धीट वगैरे असावं लागत नाही. लाजत या, चिडत या, तोंडाला रुमाल बांधून या. पण वर्ष घालवू नका हो, या!