उघड्या पोटातलं नारळपाणी

ज्याला खोटं वाटेल त्यानं अंथुर्ण्याला यावं आणि हिंदुरावाच्या पडवीतला दारालगतचा खांब बघावा. त्यावर खळगा आहे. तो माझ्या डोक्याचा. त्या खंडेनवमीला जे घडलं ते बघून मी असा मागं सरकलो, की थेट खांबावर आदळलो आणि लाकूड चेपलं. डोक्याला काही झालं नाही.

साल अठ्ठ्याण्णव. हिंदुराव माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या आज्यानं मेंढरं राखली, बापानं राखली, त्यानं स्वतः अर्धी हयात राखली आणि मग कालव्याकाठी ऊस लावला. राहिलेली शेवटची मेंढरं विकून त्यानं घरात काय आणावं? कॉम्प्युटर. गाव हसलं. मुक्ताबाई, म्हणजे त्याची बायको, तीही म्हणाली, "लोकर देणारं विकलं आन् लाईट खाणारं आणलं."

पण त्यामागं सून होती. राजेश्वरी. बारामतीला कॉम्प्युटर शिकलेली. तिला गावात क्लास काढायचा होता. क्लासला मान्यता देणारी संस्था बारामतीची. त्यांचे साहेब दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मशीन बघायला येणार होते. मशीन चालताना दिसलं तर केंद्र अंथुर्ण्याला, नाहीतर पलीकडच्या गावाला. परत फेरी होणार नाही, असं त्यांनी बजावून सांगितलं होतं. तिचा नवरा मानसिंग भिगवणहून मासळीचा टेम्पो घेऊन पुण्याला गेलेला. म्हणजे जे काय करायचं ते तिनंच.

घरच्या घरी दुरुस्ती म्हटलं की तोवर अंथुर्ण्यात लोक माझ्याकडं यायचे. स्टोव्ह भडकला, रेडिओ घोगरा झाला, मोटारीचा स्टार्टर धरेना, की दत्तोबाला बोलवा. बॅटरीचे संपलेले सेल मी उन्हात असे काही तापवायचो, की नंतर त्या बॅटरीचा झोत भिगवणच्या पाण्यावर पडला तर मासे दिवस उजाडला समजून वर यायचे. तर सांगायचं असं, की मला धक्का बसावा अशी वस्तू सहसा जन्माला येत नाही. त्या खंडेनवमीला ती आली.

सकाळी अंगणात हत्यारं मांडली होती. नांगराचा फाळ, कोयते, विळे, कुऱ्हाड, मुक्ताबाईची शिलाई मशीन, मागं बॉनेट उघडून उभा केलेला ट्रॅक्टर. हिंदुराव म्हणाला, "सूनबाईचं हत्यार कुठं हाय? ते का घरात?"

राजेश्वरीला आनंदच झाला. तिनं पडवीतल्या टेबलावर कॉम्प्युटरचा डबा आडवा ठेवला, चार स्क्रू काढले आणि वरचा पत्रा बाजूला केला. आत हिरवी पाटी, तिच्यावर चांदीचे ठिपके, वायरींचा गुंता आणि सगळ्यावर आपल्या रस्त्यांची धूळ.

"ह्यो धुळीनं तापतो, तात्या," ती मला म्हणाली. "तापला की अडून बसतो. फडकं मारायचं न्हाय, नुसता वारा मारायचा." आणि तिनं सायकलचा पंप काढला. आतल्या छोट्या पंख्याच्या पात्याला एका बोटानं धरलं. वाऱ्यानं तो गरागरा फिरला तर बिघडतो म्हणे. दुसऱ्या हातानं पंप मारायला गेली, तर जमेना. मग पंप मी मारला. आतून जी धूळ निघाली तिच्यात मेथीचा एक वाफा आरामात आला असता.

धूळ निघाली. तिनं डब्याच्या बाजूला हळद-कुंकू लावलं, झेंडूची माळ घातली आणि नैवेद्याचं ताट आणायला आत गेली. पत्रा अजून बाजूलाच होता.

इकडं हिंदुराव नारळ घेऊन निघाला. पहिला ट्रॅक्टरच्या तोंडावर फोडला, पाणी उघड्या इंजिनावर शिंपडलं. दरवर्षी असंच करतो. दुसरा नारळ घेऊन तो पडवीत आला. मला वाटलं, उंबऱ्यावर फोडणार. त्यानं टेबलाच्या कोपऱ्यावर ठाककन हाणला आणि दोन्ही करवंट्या त्या उघड्या पोटात उलट्या केल्या. अगदी शेवटचा थेंब निथळेपर्यंत. वर हात जोडले.

मी खांबावर आदळलो तो ह्याच वेळी.

राजेश्वरी ताट घेऊन दारात आली. तिनं बघितलं. ताटातली पुरणपोळी हळूहळू घसरत खाली गेली, तिला कळलं नाही. हिरव्या पाटीवर नारळाचं पाणी तळ्यासारखं साचलं होतं आणि त्यात झेंडूची एक पाकळी फिरत होती. अंगणातला कोंबडाही एक पाय वर घेऊन तसाच उभा राहिला, हे मी शपथेवर सांगतो.

"काय झालं?" हिंदुराव म्हणाला. "ट्रॅक्टरचं बॉनेट उघडं असतंय, तसंच ह्येचं. देवाचं पाणी आतवर गेलं पायजे."

"मामंजी," राजेश्वरीचा आवाज विहिरीतून आल्यासारखा, "ह्येच्यात पाणी गेलं की ते मरतं."

हिंदुरावाचा चेहरा तेव्हा मी बघितला. धरणात बुडालेल्या गावाचा माणूस पाण्याकडं बघतो, तसा तो त्या डब्याकडं बघत राहिला. मग करवंट्या खाली ठेवल्या, ट्रॅक्टरच्या चाकाला पाठ लावून बसला आणि त्याचं बोलणं बंद झालं. जेवणही.

राजेश्वरी मात्र हलली. "कुणी वायर लावू नका. चालतंय का बघू म्हणून बटण दाबलं की जळलंच समजा. आत्ता लाईट गेलेली हाय, तेवढं नशीब."

मग सुरू झाले उपाय. मुक्ताबाई म्हणाली, चुलीतली राख टाका, राख पाणी ओढते. मी म्हणालो, ज्वारीच्या कणगीत पुरा. माझं एक घड्याळ मी असंच कणगीत पुरलं होतं. ते नुसतं सुकलं नाही, वर्षभर दहा मिनिटं पुढं पळत होतं, इतकी ताकद आली त्याला.

"तात्या, एक दाणा पंख्यात अडकला तर?" राजेश्वरी म्हणाली. "आन् राख तर नकोच, आत्याबाई. मघाशी धूळ काढायला तर पंप मारला." तिनं डबा तिरका करून सगळं पाणी ओतून टाकलं आणि चपला घालून एस.टी.च्या थांब्यावरच्या फोनच्या टपरीत गेली. बारामतीला तिला शिकवणाऱ्या मनिषा मॅडम होत्या, त्यांना विचारायला.

परत आली ती वेगळाच चेहरा घेऊन. "ट्रॅक्टरच्या बॅटरीत घालायचं पाणी हाय का घरात? शुद्ध पाणी, बाटलीतलं. ॲसिड न्हवं."

"हाय," मी म्हणालो. "कशाला?"

"धुवायचं हाय."

"काय धुवायचं हाय?"

"ह्येच."

आता सांगा. पाण्यानं मेलेल्याला पाण्यानं आंघोळ घालायची म्हणते. मुक्ताबाईनं तोंडावर पदर धरला. ट्रॅक्टरच्या चाकापाशी बसलेल्या हिंदुरावाची मान एकदम वर आली. तो बोलला नाही, पण त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं, की पोरीच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि तो आपल्यामुळं झालाय.

"नारळाच्या पाण्यात साखर असती, क्षार असत्यात," राजेश्वरी सांगू लागली. "ते वाळलं तरी चिकटून बसणार आन् वीज सोडली की ती नको तिथनं वाट काढणार. नळाच्या पाण्यातबी क्षार असत्यात, म्हणून ते न्हाय चालत. बॅटरीचं पाणी कोरं असतं. मॅडम म्हणाल्या, धुऊन काढ आन् हाडापर्यंत वाळव."

तिनं एकेक भाग सोडवला. वीज पुरवणारा पत्र्याचा डबा आणि सगळं साठवणारी चकती, ह्यांना पाणी लागलं नव्हतं. ती दोन्ही तिनं कोरड्या फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली आणि मला सांगितलं, तात्या, ही उघडायची न्हाईत. मी उघडणारच होतो. मग हिरवी पाटी परातीत तिरकी धरली आणि नव्या मऊ ब्रशनं बाटलीतल्या पाण्यानं ती धुऊ लागली. जावळ धुवावं तसं. मी आयुष्यात बैल धुतले, मोटारी धुतल्या, एकदा धरणात पडलेला एक अख्खा टेम्पो धुतला. पण ते बघताना माझ्याच्यानं श्वास घेववेना.

पाटी सुती धोतराच्या घडीवर, बाजेवर, सावलीत वाऱ्याला ठेवली. दसऱ्याच्या सकाळी बघतो तर हिंदुराव बाजेशेजारी बसलेला आणि पाटीवर त्याचं स्वतःचं घोंगडं पांघरलेलं. पावसात भिजलेलं कोकरू तो असंच घोंगड्यात गुंडाळायचा.

राजेश्वरी धावत आली. "मामंजी, लोकर नको. लोकरीत वीज असती. तुमाला जाणवत न्हाय, पर ह्येला तेवढीबी सोसत न्हाय."

हे मात्र मला पटलं. मोरगावच्या माळावर थंडीत मी एकदा घोंगडं झटकलं होतं, तर ठिणग्या अशा उडाल्या की माझी विडी पेटली आणि शेजारी बसलेल्याचीही. त्यानं तर तोंडात धरली नव्हती, कानावर ठेवली होती.

हिंदुरावानं घोंगडं असं उचललं, जणू त्याखाली साप आहे. दुसऱ्यांदा चूक झाली, हे त्याला लागलं. मुक्ताबाईनं ताट आणलं, त्यानं हातानंच नको म्हणून सांगितलं. तो फक्त बाजेपाशी बसून राहिला आणि बघत राहिला. आणि दुपारी त्यानं राजेश्वरीला हात हलवून बोलावलं.

बाजेच्या पायावरून मुंग्यांची रांग वर चढली होती. सगळ्या पाटीच्या एकाच कोपऱ्यात, एका काळ्या सॉकेटच्या फटीपाशी गोळा झालेल्या. बाकी पाटी मोकळी. हिंदुरावानं बोट त्या कोपऱ्याकडं केलं.

राजेश्वरी खाली वाकली आणि तशीच राहिली. "तिथं साखर राह्यली," ती हळूच म्हणाली. "माझ्या ब्रशचं टोक तिथं पोचलंच न्हाय."

तिनं मुंग्या फुंकरीनं घालवल्या, कोपरा पुन्हा धुतला, पुन्हा वाळत ठेवला. ह्या वेळी बाजेचे चारी पाय पाण्याच्या वाट्यांत. मी म्हणालो, मुंग्यांना कॉम्प्युटर कळायला लागलाय, तर वाट्या कशाला, राहू दे त्यांना, क्लासला पोरं मिळतील.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी साहेब आले. सफारी घातलेले, हातात बॅग, घाईत. राजेश्वरीनं सकाळीच सगळं जोडून ठेवलं होतं, पण बटण दाबलं नव्हतं. जे व्हायचं ते एकदाच होऊ दे, म्हणाली. पडवीत अर्धा गाव. हिंदुराव उंबऱ्यात.

"करा चालू," साहेब म्हणाले.

तिनं बटण दाबलं. पंखा फिरला. हिरवा दिवा लागला. आणि मग तो डबा ओरडायला लागला. पी... पी... पी. पडदा काळाच. पी... पी... पी.

उंबऱ्यातला हिंदुराव भिंतीला धरून खाली बसला. साहेबांनी बॅगेचा बंद लावला. "मला पलीकडच्या गावात जायचंय. वाईट वाटून घेऊ नका."

"साहेब, ह्यो मेला असता तर ओरडला नसता," राजेश्वरी म्हणाली. तिनं पहिलं काम केलं ते वायर उपसण्याचं. "काय दुखतंय ते सांगतोय. असा ओरडला की मेमरीची पट्टी मळलेली असती. तुमच्याकडं खोडरबर हाय?"

"काय?"

"पेन्सिल खोडायचा रबर."

साहेबांनी, का कुणास ठाऊक, बॅग पुन्हा उघडली आणि मागं रबर लावलेली पेन्सिल दिली. तिनं पत्रा काढला, आतली बोटाएवढ्या रुंदीची पट्टी सोडवली आणि तिची सोनेरी कड त्या रबरानं घासली. रबराचा चुरा फुंकरून बाहेरच पाडला. पट्टी परत बसवली, दोन्ही बाजूंनी कट् असा आवाज येईपर्यंत दाबली. वायर लावली. बटण.

एकच पी. मग पडद्यावर निळं आभाळ आलं आणि त्यात पांढरे ढग.

साहेबांचा हात पेन्सिल परत घेण्यासाठी पुढं झालेला, तो तसाच पुढं. "आमच्या केंद्रांत मशीन अडलं तर पुण्याहून माणूस येतो," ते म्हणाले. "तोवर पत्र्याला कुणी हात लावत नाही." आणि त्यांनी मान्यतेच्या कागदासाठी पेन काढलं.

तेवढ्यात उंबऱ्यातून आवाज आला. खंडेनवमीपासून बंद असलेला. "साहेब, सही करायच्या आधी ऐका. मी ह्येच्यात नारळ फोडलाय. पोरीनं ते पाण्यानं धुतलंय. तुमाला फसवून केंद्र नको."

मी डोळे मिटले. राजेश्वरीनं पदराचं टोक मुठीत आवळलं. साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं, तिथं शाईचा ठिपका मोठा होत गेला.

"आत?" त्यांनी विचारलं. "नारळ? आत फोडला?"

"पाणी आत. नारळ टेबलाव," हिंदुराव म्हणाला.

"आणि धुतल्यावर हे चालू झालं."

"व्हय."

साहेबांनी सही केली. कागद राजेश्वरीच्या हातात दिला. मग पडवीतल्या सगळ्यांकडं एकदा बघून घेतलं, खुर्ची तिच्या जवळ ओढली आणि आवाज इतका खाली आणला, की तो फक्त तिला, हिंदुरावाला आणि माझ्यासारख्या तिखट कानाच्या माणसालाच ऐकू जावा.

"ताई, उद्या बारामतीला येता येईल? माझ्या टेबलावरचं मशीन आहे. त्यात उसाचा रस गेलाय. अख्खा ग्लास. आलं-लिंबू घातलेला. मी ऑफिसात कुणाला सांगितलेलं नाही, नुसतं झाकून ठेवलंय."

राजेश्वरीनं कागद तोंडापुढं धरला.

हिंदुराव उठला. धोतर झटकलं, साहेबांकडं नीट निरखून बघितलं आणि आत आवाज दिला, "अगं, ताटं वाढ. माझं आन् साहेबांचं शेजारी शेजारी. आपल्यातलेच हायत ते."