मोडक्या हाताचा प्रभू

आमच्या शहरात मेलेल्या देवाला मान आहे, जिवंत झालेल्याला नाही. हे मी, आंगुस्तियास, जन्मापासून याच गल्लीत वाढलेली बाई सांगते आहे, तेव्हा पाद्रीबाबांकडे चुगली करायची तर खुशाल माझं नाव घालून करा. शुक्रवारी प्रभू क्रुसावर चढला की रस्त्यात मुंगीला शिरायला जागा नसते. माणसं भिंतींना चिकटून रडतात, बाल्कनीतून आर्त गाणी म्हणतात, ओळख ना देख अशा माणसाच्या खांद्यावर डोकं टेकून हुंदके देतात. शनिवारी प्रभूला पुरलं की सगळे हात झटकून घरी. रविवारी सकाळी तो बिचारा उठतो तेव्हा अख्खं शहर झोपलेलं असतं.

आणि माझ्या नवऱ्याला पुळका नेमका या रविवारचा. एलाडिओ टपालखात्यातून निवृत्त झाला आणि त्यानं उठलेल्या प्रभूचं मंडळ काढलं. शहरात मंडळांची काय वाण होती? काट्यांच्या मुकुटाचं आहे, चाबकाच्या फटक्यांचं आहे, माउलीच्या आसवांचं तर दोन आहेत आणि दोघांचं एकमेकांशी पटत नाही. मी त्याला तेव्हाच म्हटलं, "काढायचंच तर एखाद्या दुःखाचं काढ ना. दुःखाला गिऱ्हाईक आहे."

"गोष्टीचा शेवट कुणीतरी सांगायला नको का गं?" तो म्हणाला. या माणसाशी वाद घालून आजवर कुणाचं भलं झालेलं नाही.

मूर्ती मात्र देखणी करवून घेतली होती. हसरा चेहरा, अंगावर एक जखम नाही, उजवा हात उंच आभाळाकडे. लोक म्हणायचे, एलाडिओचा प्रभू टॅक्सीला हात करतोय. एलाडिओ ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण रात्री जेवण जायचं नाही त्याला. मला कळायचं.

या वर्षी प्रकरण निकरावर आलं. सगळ्या मंडळांची मिळून एक समिती आहे, तिचे अध्यक्ष लिसार्दोसाहेब. शुक्रवारचं सगळ्यात जुनं मंडळ त्यांचंच. बारा गावचं पाणी प्यायलेला माणूस, पण चेहरा असा की आत्ताच कुणाला तरी पुरून आलाय. ते घरी आले, माझ्या हातच्या मधात घोळलेल्या, तळलेल्या पावाच्या तोरिखा तीन खाल्ल्या आणि म्हणाले, "एलाडिओ, मला फार दुःख होतंय. गेल्या वर्षी तुझी पालखी कोपऱ्यावरून परत फिरली. भोईच पुरेसे नव्हते. या वर्षी कॅथेड्रलपर्यंत जाऊन आली नाही, तर मंडळ बंद करावं लागेल."

"आणि मूर्ती?" एलाडिओनं विचारलं.

"चर्चच्या मागच्या खोलीत ठेवू की. मोडक्या बाकांजवळ जागा आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी चौथी तोरिखा उचलली.

एलाडिओ दारोदार फिरला. आमच्याकडे पालखी वाहणारे भोई पालखीच्या खाली असतात, चारी बाजूंनी मखमली पडदा, आत काळोख, मानेवर आडवी तुळई. बाहेरच्याला फक्त त्यांचे पाय दिसतात. तेच तेच गडी आठवडाभर या मंडळाला, त्या मंडळाला खांदा देतात. सगळ्यांनी एलाडिओला शब्द दिला. आमच्या शहरात शब्द देण्यात कुणी कंजूषपणा करत नाही.

शनिवारी संध्याकाळी माझ्याकडे पाहुणे उतरले. वरच्या मजल्यावरच्या खोल्या मी प्रवाशांना देते. हे बाराजण पोलंडचे, एका नदीकाठच्या गावातल्या नौकानयन क्लबातले. दारातून आत येताना एकेकाला वाकावं लागत होतं. त्यांचा म्होरक्या लेशेक, केस पिकलेला, पण दंड खांबासारखे. तो पूर्वी व्हॅलेन्सियात संत्र्यांच्या कारखान्यात कामाला होता, म्हणून आमची भाषा बोलायचा. हातात टोपली, त्यात रंगवलेली अंडी, ती पाद्रीबाबांकडून मंतरून घ्यायची होती.

"आम्ही ईस्टरसाठी आलो आहोत, मावशी," तो म्हणाला.

"उशीर केलात बाबांनो. संपला की ईस्टर," मी म्हटलं.

तो माझ्याकडे बघतच राहिला. "ईस्टर तर उद्या आहे."

काय सांगणार त्याला? मी म्हटलं, उद्या आहे ते कॅलेंडरात आहे. पण एलाडिओनं जिन्यावरून ते ऐकलं आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला जरा लाजच वाटली. अख्ख्या शहरात रविवारची वाट बघणारी आणखी बारा माणसं निघाली होती, तीही उसनी.

रविवारी सकाळी चर्चमध्ये निम्मेसुद्धा भोई नव्हते. मी फोन लावत बसले. एकाची मान धरली होती. दुसऱ्याच्या सासूनं जेवायला बोलावलं होतं, ज्या सासूशी तो वर्षभर बोलत नाही. तिसरा अंथरुणातूनच म्हणाला, "आंगुस्तियासकाकू, प्रभू देव आहे, तो उठू शकतो. मी माणूस आहे."

एलाडिओ बाकावर बसला. हातातली टोपी नुसती फिरवत राहिला. त्या क्षणी लिसार्दो समोर असता तर मी त्याच्या खाल्लेल्या तोरिखा बाहेर काढल्या असत्या.

तेवढ्यात मागून लेशेक आला. त्याची पोरं प्रार्थनेला आली होती आणि बराच वेळ चर्च रिकामं का म्हणून बुचकळ्यात पडली होती. मी त्याला सगळं सांगितलं. तो त्यांच्या भाषेत चार शब्द बोलला आणि बाराच्या बारा जणांनी कोट काढून बाकावर ठेवले.

आमचा मुकादम सेराफीन मात्र अडून बसला. पालखीच्या पुढे चालून भोयांना आवाज देणारा तो मुकादम. आतल्यांना काही दिसत नाही, त्यांचे डोळे म्हणजे हा. "परक्यांना खाली घालू? आपल्याकडे भोई उंचीनं जुळवून घेतात. ही ताडमाड माणसं कुठे जुळणार?"

"मग तू एकटा उचल," मी म्हटलं.

त्यानं मुकाट्यानं उंची जुळवायला घेतली. पाहुण्यांना मागे ठेवलं तर प्रभू तोंडावर आपटेल असा झुकायचा. पुढे ठेवलं तर मागे रेलून आरामखुर्चीत बसल्यासारखा. शेवटी पाहुण्यांना मधल्या तुळयांखाली घातलं आणि गुडघे वाकवून चालायला सांगितलं. वल्हवणाऱ्यांना एका आवाजावर एकदम जोर लावायची सवय असते. दोनदा सराव केला आणि पालखी अशी अल्लद उठली, की सेराफीनच्या तोंडून चक्क शाबास निघालं.

आता राहिलं दार. आमच्या चर्चचं दार बुटकं, त्यातून पालखी न्यायची तर भोयांनी गुडघ्यांवर रांगत न्यायची, पूर्ण बाहेर पडली की मगच उभं राहायचं. शेंबडं पोरसुद्धा हे जाणतं. पाहुणेही रांगले, बिचाऱ्यांच्या गुडघ्यांची वाट लागली, पण हूं की चूं नाही. पुढचा अर्धा भाग उन्हात आला. प्रभू अजून कमानीखाली होता, वर केलेल्या हाताच्या बोटांत आणि दगडात जेमतेम वीतभर अंतर.

बाहेर माणसं किती? मी, दोनतीन भोयांच्या बायका, एक कुत्रं, आणि स्थानिक वाहिनीचा कॅमेरावाला, ज्याला कुणीतरी सांगितलं होतं की परदेशी भोई आहेत. त्या मेल्या कॅमेऱ्यानंच घात केला. आमच्याकडे पालखीची प्रत्येक उचल कुणाला तरी अर्पण करायची रीत आहे. कुणाच्या आजारी आईला, कुणाच्या नव्या सुनेला. कॅमेरा दिसला आणि सेराफीनला राहवेना. त्यानं छाती पुढे काढली आणि तिथंच, कमानीच्या तोंडाशी, सुरू केलं, "पाहुण्यांनो, तुम्ही आमचे सख्खे भाऊ आहात. ही उचल पोलंडच्या मातेला. चला, आभाळाला भिडवा."

आणि उचलायची खूण म्हणून पालखीवरच्या हातोडीचा ठोका दिला.

आमच्या भोयांना सेराफीनचा स्वभाव ठाऊक. ते जागचे हलले नाहीत. पण पाहुण्यांना एवढंच कळलं, की आपल्या मातेचं नाव घेतलंय. बाराजणांनी जन्मभराचा जोर एका दमात लावला. कडाड असा आवाज झाला आणि प्रभूचा उजवा हात खांद्यातून निखळून दगडी पायरीवर पडला.

एलाडिओ गेला, तो हात उचलून छातीशी धरून उभा राहिला. मला वाटलं, संपलं. आता मोडक्या बाकांजवळ मोडकी मूर्ती.

तेवढ्यात समोरून प्रुदेन्सिया पाव घेऊन येत होती, आमच्या गल्लीतली विधवा. तिनं मान वर करून पाहिलं. खांद्याच्या जागी उघडं पडलेलं लाकूड, रंग उडालेला, आणि वर तो हसरा चेहरा. तिच्या हातातला पाव गळाला. "देवा रे, काय केलं रे तुला," म्हणून तिनं हंबरडा फोडला.

खिडक्या उघडल्या. बाल्कनीत माणसं आली, कुणी रात्रीच्या कपड्यांत, कुणी तोंडात दात घासायचा ब्रश घेऊन. "कुणाचा हात तुटला?" "प्रभूचा." "अरेरे, माझ्या राजा." बघता बघता गल्ली भरली. मान धरलेला आला. सासूकडे जेवायला गेलेला सासूला घेऊन आला. वरून कुणीतरी आर्त गाणं धरलं, हात गमावलेल्या प्रभूचं, जागच्या जागी रचलेलं. लिसार्दोसाहेब सपातांवरच धावत आले आणि ढसाढसा रडले. खोटं कशाला बोलू, ते खरंच रडले.

"मूर्ती आत घ्या," एलाडिओ म्हणाला. "आधी सुताराला बोलवा."

"वेडा आहेस का?" सेराफीन त्याच्या कानाशी लागला. "गर्दी तर बघ."

एलाडिओनं गर्दी बघितली. सगळी वर्षं ज्या गर्दीसाठी तो दारोदार हिंडला, ती समोर होती. पालखी कॅथेड्रलपर्यंत गेली, परत आली, वाटेत लोक पडद्याला डोळे पुसत होते. एलाडिओ पुढे चालत होता, कुशीत तो लाकडी हात, तान्ह्या पोराला धरावं तसा. मंडळ वाचलं होतं. त्याच्या चेहऱ्यावरून मात्र तसं वाटत नव्हतं.

दुपारी पडद्याखालून लेशेक बाहेर आला, मान सोललेली, डोळे खाली. "मावशी, आम्ही मोडलं. पैसे भरून देऊ."

"काही भरू नका. तुम्ही आमच्यावर उपकारच केलेत," मी म्हटलं.

त्यानं रडणाऱ्या बायकांकडे बघितलं. "पण आज तर तो उठलाय ना? मग हे सगळे रडतात कशाला?"

"उठलाय रे बाबा. पण त्याला काही दुखल्याखुपल्याशिवाय आम्हाला तो आपला वाटत नाही." त्याला ते पटलं नाही. त्यानं टोपलीतलं एक लाल अंडं माझ्या हातात ठेवलं आणि गुडघे चोळत वर गेला.

पंधरवड्यात मंडळात नाव घालायला दारात रांग लागली. बैठकीला खुर्च्या पुरल्या नाहीत. सुतार हात बसवायला आला होता, त्याला लोकांनी दारातूनच परत पाठवलं. कुणीतरी ठराव मांडला की हात मोडकाच ठेवावा, नावही मोडक्या हाताचा प्रभू असंच घ्यावं, खांद्यापाशी थोडं रक्त रंगवता आलं तर बरं. लिसार्दोसाहेब उठले, गळा साफ केला आणि म्हणाले, "एवढ्या भक्तीला रविवारची सकाळ लहान पडते. समितीनं या मंडळाला शुक्रवारची वेळ द्यायचं ठरवलंय. अध्यक्ष अर्थात एलाडिओच."

टाळ्या थांबेनात. मी एलाडिओकडे बघत होते. मनात म्हणत होते, ऊठ. एकदा तरी तोंडावर सांग यांना. एलाडिओ उठला. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली, सासूवाला, मान धरलेला, सेराफीन, आणि म्हणाला, "मंडळाची इच्छा तीच माझी."

घरी आल्यावर त्यानं कपाटातून मिरवणुकीचे झगे काढले. रविवारचे म्हणून पांढरे शिवले होते, शुक्रवारला काळे लागतात. त्यानं स्वतःच एकेक घडी घालून पिशवीत भरले. पाठमोरा होता. मला फार वाईट वाटत होतं आणि त्याहून जास्त राग आला होता.

"आणि रविवारी?" मी विचारलं. "रविवारी प्रभूचं काय?"

"रविवारी जरा झोपू या गं," तो म्हणाला. "आठवडाभर दमलेलो असू."

मी पिशवी उचलली आणि रंगाऱ्याकडे निघाले.