धावड्याची मेल्यावरची नोकरी

मित्रांनो, हे अख्खं जंगल माझ्या खांद्यावर उभं आहे. मी स्वतः मात्र वाळवीच्या वारुळाला टेकून उभा आहे.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अभयारण्यातलं धावड्याचं जुनं झाड. बारा वर्षांपूर्वी वारलो. जिवंत होतो तेव्हा लोक माझा डिंक न्यायचे, लाडू करायचे आणि मला विसरायचे. मेल्यावर तरी निवांतपणा मिळेल असं वाटलं होतं. कसलं काय! सुतारपक्ष्याने खोडात भोक पाडलं, पुढे त्यात पिंगळ्याने संसार थाटला. बुंध्याच्या ढोलीत घोरपड आली. सालीखाली किडे, किड्यांसाठी पाखरं, वाळवीसाठी अस्वल. जो तो मला पोखरतो. माझा भुगा मातीत जातो, तिथे गवत फोफावतं, ते चितळं खातात. बारा वर्षांत एक रजा नाही.

परवा नव्या वनरक्षक उर्वशीमॅडम माझ्यासमोर थांबल्या. सोबत उकंडा होता, इथला म्हातारा वनमजूर.

"उकंडाकाका, मोठे साहेब येणार आहेत. हे मेलेलं झाड उद्या पाडून टाका. जंगल कसं स्वच्छ दिसलं पाहिजे."

"मॅडम, त्यात पिंगळ्याची पिल्लं हायेत."

"जातील दुसऱ्या झाडावर."

"उडता नाही येत अजून, तं कायनं जातीन? बसनं?"

मॅडम रागावल्या. हुकूम कायम राहिला. खरं सांगतो, मी इतका थकलो होतो की पडायला माझी ना नव्हती. पण आत तिघं चोची वासून बसली होती.

सकाळी दुसरा वनमजूर भावसिंग करवत घेऊन आला आणि चपला काढून उभाच राहिला. माझ्या बुंध्याला ताजा शेंदूर होता, खाली दोन लिंबं.

"उकंडाकाका, हा देव कवा बसला?"

"मले काहून विचारून राह्यला? करवत लाव, मंग तोच सांगीन."

करवत परत गेली. साहेब आले, त्यांनीही टोपी काढली. दुपारी भोकातून तीन गोल डोकी बाहेर आली, तेव्हा मॅडम बराच वेळ मान वर करून उभ्या होत्या.

तेव्हा मित्रांनो, जंगलात वाळलेलं झाड दिसलं तर त्याला राहू द्या. ते कामावर आहे.

माझ्याकडे आता नवसही येऊ लागलेत. ऐकून घेतो. फक्त उदबत्ती तेवढी घरीच लावून या. देव झालो तरी मी मुळात सरपण आहे.