वरचा सर

कोणाला मला जळकी म्हणायचं असेल तर खुशाल म्हणावं. हेमा म्हणतेच. पण जिचा नवरा परक्या बाईबरोबर हिमालयातली तळी बघून येतो आणि घरी येऊन बायकोच्या हातावर अक्रोड ठेवतो, तिने काय करायचं? पेढे वाटायचे?

आमच्या ह्यांना, म्हणजे श्रीपादरावांना, डोंगरांचं वेड लग्नाआधीपासूनचं. डोंबिवलीतल्या कारकुनांनी मिळून मंडळ काढलेलं. रविवार उजाडला की पाठीवर खाकी पिशव्या बांधायच्या आणि मलंगगड, नाहीतर माहुली. मी दशम्या लाटून द्यायच्या आणि संध्याकाळी ह्यांच्या पायांना तेल चोळायचं. त्याबद्दल माझी कधी तक्रार नव्हती. डोंगर म्हणजे काही बाईमाणूस नव्हे.

मग मंडळात उत्तरा आली. ठाण्याला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवते, कळव्याला भावाकडे राहते. तिशी उलटली तरी लग्नाचं नाव नाही. अंगात सलवार, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट. पहिल्यांदा घरी आली तेव्हा मी मुद्दामच विचारलं, "घरचे काही म्हणत नाहीत का हो?"

"म्हणतात की," ती म्हणाली, "मी ऐकत नाही."

यावर हे खो खो हसले. माझ्या बोलण्याला हा माणूस आजवर असा हसलेला नाही. त्या दिवसापासून ती बाई माझ्या डोळ्यांत सलते ती सलतेच.

यंदा गणपती उठले आणि मंडळ काश्मीरला निघालं. उत्तराही निघाली. हेमा आणि तिचा नवरा प्रभाकर, दोघं जोडीनं जाणार होते, त्यामुळे लोकांची तोंडं बंद. हेमा माझी शेजारीण. तिच्या नवऱ्यानं तिला नेलं. मला मात्र कोणी विचारलंच नाही. मीच आपली लाज सोडून म्हटलं, "मी येऊ का?" तर हे म्हणाले, "तुला झेपायचं नाही गं." बसा!

परत आल्यावर विचारलं, कसं होतं? "छान होतं. थंडी होती." संपलं. पुढे आठवडाभर माणूस खिडकीशी बसून आपल्याशीच हसतोय. चहा निवतोय तरी हसतोय. हेमाला विचारावं तर ती नवरात्राला म्हणून कल्याणला माहेरी जाऊन बसलेली. माझा जीव नुसता टांगणीला.

आता एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. लग्नात मला मोत्यांचा सर घालायचा ठरलं होतं, ते राहूनच गेलं. फार नाही, एकेरी सर. दर पाडव्याला मी आठवण करते, दर पाडव्याला हे "बघू" म्हणतात आणि ओवाळणीच्या तबकात पातळ ठेवतात.

दसऱ्याला दुपारी सगळी मंडळी, माहेराहून परतलेल्या हेमासकट, सोनं द्यायला आमच्याकडे आली. उत्तरानंही आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवली. ती वाकली तेव्हा मी बघितलं, तिच्या गळ्यात निळ्या खड्यांचा एकेरी सर होता. नवाकोरा. एरवी ह्या बाईच्या गळ्यात काळा दोरासुद्धा नसतो.

मी आत येऊन श्रीखंडाच्या वाट्या भरायला लागले. कान अर्थातच बाहेर.

"श्रीपाद लेकाचा नशीबवान," प्रभाकर भावजी म्हणत होते. "वरचा सर ह्यानं एकट्या उत्तरालाच दाखवला!"

"तुम्ही आडवे झालात त्याला मी काय करू?" ह्यांचा आवाज. "पण खरं सांगू? काय तो निळा रंग! त्या सराची सर कशालाच यायची नाही."

"मला तर डोळे मिटले की तोच दिसतो," उत्तरा म्हणाली.

अंगाचा नुसता तिळपापड झाला माझ्या! वरचा सर! म्हणजे दुकानात वर टांगलेला, भारीतला. मला इतकी वर्षं बघू, बघू, आणि हिला श्रीनगरच्या बाजारात नेऊन दाखवतात काय, गळ्यात घालतात काय, आणि वर चारचौघांत त्याचं कौतुक! हातात श्रीखंडाचा डाव होता तशीच बाहेर गेले.

"काढा तो सर," मी उत्तराला म्हटलं. "माझ्या नवऱ्यानं दिलेला सर घालून माझ्याच घरात मिरवता? काढा म्हणते ना!"

हे उठून उभे राहिले. मग हेमाला हसू फुटलं, पोट धरधरून हसली मेली.

"अगं मंदा, सर म्हणजे तळं! तिकडे तळ्याला सर म्हणतात. विशनसर, किशनसर. विशनसरच्या काठी आमचे तंबू होते. किशनसर त्याच्या वरच्या अंगाला, म्हणून वरचा सर. सकाळी चढून जायचं, बघून दिवसाउजेडी तंबूत परत. पण तिथली हवा विरळ. आमची सगळ्यांची डोकी ठणकायला लागली, मग गेली ती ही दोघंच."

मग सगळेच हसले. भावजींनी तर डोळे पुसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. हसली नाही ती एकटी उत्तरा. तिनं गळ्यातला सर काढून माझ्यापुढे धरला.

"वहिनी, हा मीच घेतला, श्रीनगरला. मनात काही ठेवू नका. तुम्हालाच राहू दे."

तिचा हा शहाणपणा मला त्या हसण्यापेक्षा जास्त झोंबला. मी हात पुढे केला नाही. डाव खाली ठेवला आणि पाटावर बसले.

"बरं, तळं तर तळं," मी ह्यांना म्हटलं. "कसं होतं ते सांगा तरी. मला कोणी सांगितलंच नाहीये."

"पाणी म्हणजे," हे म्हणाले आणि थांबले. हात हवेत. "कडेला बर्फ, मागे सरळ कडा, आणि..." शब्द सापडेना. सापडेना तेव्हा ह्यांनी माझ्याकडे नाही, तिच्याकडे बघितलं.

"आणि आवाज कसलाच नाही," ती हळूच म्हणाली.

"हां! तेच. अगदी तेच."

बस, एवढंच. कोणाच्या लक्षातही आलं नाही. माझ्या मात्र आलं. दागिना असता तर मी भांडून, रडून, प्रसंगी हिसकून घेतला असता. तळं कसं हिसकून घ्यायचं? पाप कसलंच नव्हतं त्यात, हे मलाही कळत होतं, आणि म्हणूनच तोंड उघडायची सोय उरली नव्हती.

मंडळी गेल्यावर मी विचारलं, "पुढच्या वर्षी मला न्याल? मी आतापासून चालायची सवय करते. खडवलीपर्यंत चालत जाते हवं तर."

"बघू," हे म्हणाले.

त्यानंतर मंडळाला चेष्टेला विषयच मिळाला. जो तो येता-जाता "काय मंदावहिनी, सर कुठला?" ह्यांनाही बहुधा ते लागलं असावं. कारण पाडव्याला मी ओवाळलं आणि तबकात पातळ पडलं नाही. मखमलीची डबी पडली. आत मोत्यांचा सर. एकेरी, टपोरा, अगदी मी मनात धरलेला तसाच. ह्यांनी स्वतःच्या हातांनी माझ्या गळ्यात घातला आणि आरशाकडे वळवलं.

"आता झालं ना मनासारखं?"

मी आरशात बघितलं. शोभत होता, खोटं कशाला बोलू? किती वर्षं मागितलेला. हे मागे उभे होते, कौतुकाची वाट बघत.

"छान आहे," मी म्हटलं. "पण त्या सराची सर नाही ह्याला."

ह्यांचं हसू तिथंच थांबलं. मग नजर वळवून हे खिडकीशी जाऊन बसले, आणि मी तबकातलं निरांजन उचलून आत नेलं.